मंडळाची सहल रायफल रेंजवर: माणसं कमी, छर्रे जास्त

अबोली_माहीम

आमच्या मंडळात शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींपासून सत्तरी ओलांडलेल्या काका-काकूंपर्यंत सगळे आहेत, त्यामुळे सहल ठरवायची म्हणजे दर वेळी ओढाताण. गड म्हटलं की गुडघेदुखीवाले मागे राहतात. नाटक म्हटलं की तरुण मंडळी काढता पाय घेतात. रिसॉर्टला गेलं तर जेवणापर्यंत गप्पा आणि मग जो तो आपापल्या मोबाइलमध्ये. ऑगस्ट २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ मिळवलं. ती अंतिम फेरी आमच्यातले बरेच जण श्वास रोखून बघत होते, आणि "हे आपल्याला एकदा करून बघता येईल का?" हा प्रश्न तिथूनच आला. यंदाच्या थंडीत ते जमलं. मुंबईतल्याच एका १० मीटर एअर रायफल रेंजवर आम्ही रविवारची सकाळ घेतली.

धागा काढण्यामागे एक ठाम कारण आहे. अशा सहली हल्ली बरीच मंडळं आणि ऑफिसं काढतात, पण बहुतेक ठिकाणी माणशी दहा छर्रे, एक फोटो आणि वडापाव एवढ्यावर आटोपतं. त्यात नेमबाजी कळत नाही, ट्रिगर ओढून बघितल्याचं समाधान तेवढं मिळतं. तुम्ही कधी असं काही ठरवलंत तर माणसं कमी न्या आणि प्रत्येकाला भरपूर छर्रे मारू द्या. माझ्या मते बाकी सगळं दुय्यम आहे.

का ते सांगते.

१० मीटरच्या टार्गेटवरचा काळा गोल जेमतेम तीन सेंटिमीटरचा, नेमकं सांगायचं तर ३०.५ मिलिमीटर. त्याच्या मधोमध दहा गुणांचा पांढरा ठिपका, तो अर्ध्या मिलिमीटरचा. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. म्हणजे ठिपका छर्र्याहून कितीतरी लहान. छर्र्याची कड ठिपक्याला लागली तरी दहा मिळतात. तिथून पुढे दर अडीच मिलिमीटरला एक गुण कमी होतो. आता हाच हिशेब उलटा करा. रायफलवर नेम धरायला एक मागे आणि एक पुढे अशा दोन साइट असतात. त्यांच्यातलं अंतर पाऊण मीटर धरलं, तर पुढचं टोक पाव मिलिमीटरसुद्धा सरकायला नको, तेवढ्यात दहा मीटरवर एक गुण गेलेला असतो. छातीत धडधड चालू, श्वास चालू, पोटऱ्या थरथरतायत, आणि या सगळ्याचा निकाल त्या एवढ्याशा जागेत लागतो. पहिले वीस-पंचवीस छर्रे शरीराला हे उमगण्यातच जातात. खरी मजा त्यानंतर सुरू होते आणि बहुतेक सहलींत नेमकी तेव्हाच "चला, पुढचा नंबर" अशी हाक येते.

म्हणून आम्ही दोन तुकड्या केल्या. एका लेनवर तिघंच, मागे एक प्रशिक्षक. पहिला अर्धा तास कोणीही रायफलला हात लावला नाही. शिकवणाऱ्या ताई वयाने आमच्या बऱ्याच जणांच्या मुलीएवढ्या, पण आवाजात धार होती. नळीचं तोंड कायम टार्गेटच्या दिशेला. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. रायफल खाली ठेवली की नळीतून नारिंगी दोरी आरपार घालायची, म्हणजे नळी रिकामी आहे हे लांबूनही दिसतं. "स्टॉप" ऐकलं की जिथे असाल तिथे थांबायचं, छर्रा भरलेला असला तरी. फायरिंग लाइनच्या पुढे कोणी पाऊल टाकायचं नाही. हे सगळं त्यांनी प्रत्येकाकडून वदवून घेतलं. फोटो फक्त टार्गेट कार्डाचे काढायचे, बंदूक हातात घेऊन पोझ द्यायची नाही, हाही त्यांचाच नियम. मला तो फार आवडला.

मग कुठला डोळा नेमाचा ते बघितलं. दोन्ही तळवे जुळवून छोटी फट करायची, हात लांब करून फटीतून भिंतीवरची एक खूण बघायची आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने खूण जागेवर राहते तो आपला मुख्य डोळा. आमच्यातल्या दोघी उजव्या हाताने सगळं करणाऱ्या, पण डोळा डावा निघाला. त्यांना डाव्या खांद्यावर रायफल दिली आणि त्या अजिबात अडखळल्या नाहीत.

सुरुवात टेबलावर रायफल टेकवूनच केली. जॅकेट घालून उभं राहून मारणं हा पुढचा टप्पा, तिथे पहिल्याच दिवशी जायची घाई नको. मागच्या साइटमध्ये बारीक भोक असतं, त्यातून पुढची रिंग दिसते आणि रिंगच्या आत टार्गेटचा काळा गोल. गोलात गोल बसवायचे. नजर मात्र टार्गेटवर नाही, पुढच्या रिंगवर ठेवायची. टार्गेट किंचित धूसर दिसलं तरी चालतं. हे मनाला पटवणं फार कठीण जातं, कारण मन टार्गेटकडे धावत असतं. सुईत दोरा ओवताना श्वास आपोआप थांबतो ना, तसा इथे तो आपण होऊन थांबवायचा, पण सहा-आठ सेकंदच. त्यापुढे नजर अंधूक व्हायला लागते. तेवढ्यात ट्रिगर सुटला नाही तर रायफल खाली घ्यायची, श्वास घ्यायचा, पुन्हा पहिल्यापासून. घाईने ओढलेला प्रत्येक ट्रिगर कार्डावर दिसतो.

एक प्रसंग सांगते, त्यावरून मला काय म्हणायचंय ते कळेल. आमच्यातल्या एक काकू, बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांचं पहिलं कार्ड पुलीवरून परत आलं तेव्हा त्या खट्टू झाल्या. दहाच्या जवळपास एकही भोक नाही. पाचही छर्रे खाली डावीकडे, पाचाच्या रिंगणात. ताईंनी मात्र कार्ड हातात घेतलं आणि बाकीच्यांना हाक मारली. पाच छर्र्यांचं मिळून एकच वेडंवाकडं भोक झालं होतं, आपल्या करंगळीच्या नखाएवढं. (छर्र्यांच्या अशा पुंजक्याला ग्रुप म्हणतात.) "काकू, तुम्ही पाचही वेळा हुबेहूब तेच केलंय. साइट कुठे लावलीय ती आमची जबाबदारी, ग्रुप तुमचा." त्यांनी मागच्या साइटचे दोन स्क्रू टक-टक करत फिरवले, एक वरखालीचा, एक डावा-उजवा. पुढचं कार्ड आलं त्यात चार छर्रे नऊ आणि दहामध्ये होते. दहा छर्र्यांची सहल असती तर काकू "आपल्याला नाही जमत" म्हणत घरी गेल्या असत्या.

याच्या अगदी उलट आमच्या एका जिमला जाणाऱ्या भाच्याचं झालं. दंड भरदार, पण रायफल इतकी घट्ट आवळून धरायचा की छर्रे कार्डभर पसरायचे. त्याला सुटायला बराच वेळ लागला. शेवटच्या दोन कार्डांत हात सैल पडला आणि ग्रुप जमला. त्यालाही वेळ मिळाला म्हणूनच हे झालं.

आणखी एक, खाण्यापिण्याचं. छर्रे शिशाचे असतात. चिमटीत धरून एकेक भरावे लागतात, बोटं करडी होतात. साबणाने हात स्वच्छ धुतल्याशिवाय कोणी डब्याला हात लावायचा नाही हे आम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. लेनवर खाणं तर अजिबातच नाही.

कोणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.

---

कॅरमवेडा

फार छान लिहिलंय. आमच्याही मंडळात डोकं खाजवणं चालू आहे, हे नक्की सुचवतो. एक शंका: आमच्यात निम्म्या लोकांना प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे. त्यांना ते गोलात गोल दिसतील का?

---

नेमबाजाची_आई

कॅरमवेडा, याचं उत्तर मी देते, कारण माझी मुलगी शाळेपासून एअर रायफल करते आणि रेंजवर बसून बसून मलाही बरंच कळायला लागलंय.

प्रोग्रेसिव्ह चष्म्यात अडचण येते. रायफलच्या दस्त्यावर गाल टेकवला की मान थोडी पुढे झुकते आणि काचेच्या मधल्या भागातून न बघता आपण वरच्या, नाकाजवळच्या कोपऱ्यातून बघतो. तिथे नंबर वेगळाच असतो. त्यामुळे जुना, फक्त लांबच्या नंबरचा साधा चष्मा घरात पडलेला असेल तर तो न्यायचा. मागच्या साइटचं भोक बारीक असल्यामुळे धूसरपणा बराच कमी होतो, लहान छिद्रातून बघितलं की सगळ्यांनाच स्पष्ट दिसतं. नियमित खेळणारे तर नेमबाजीचा वेगळा चष्मा करून घेतात. त्यात एकच गोल काच असते आणि ती डोळ्यासमोर हवी तशी फिरवून बसवता येते.

दुसरा डोळा मिटून ठेवायचा नाही, हेही सगळ्यांना सांगा. एक डोळा गच्च मिटला की दुसऱ्यावरही ताण येतो. नेम न धरणाऱ्या डोळ्यापुढे पांढऱ्या कार्डाचा तुकडा लावतात, त्याला ब्लाइंडर म्हणतात. दोन्ही डोळे उघडे, चेहरा सैल.

अबोलीताई, तुमचं मूळ म्हणणं शंभर टक्के खरं. रेंजवर रविवारी असे ग्रुप येतात आणि जातात. दहा छर्र्यांत कोणाला काय कळणार? त्यांच्यातला एखादा परत येतो तो बहुतेक वेळा असा, ज्याला त्या दिवशी रेंज रिकामी मिळाली आणि कोणीतरी मागे उभं राहून तासभर शिकवलं.

---

निवांत_संध्याकाळ

मला हा प्रकार पटत नाही, स्पष्टच लिहिते. बंदूक ही शेवटी बंदूक आहे. सहलीला गेलो, मजा म्हणून चालवली, हे मला बरं वाटत नाही. विशेषतः मुलांच्या हातात देणं. घरात आधीच मोबाइलवर दिवसभर ठो-ठो चालू असतं, त्यात प्रत्यक्ष बंदूक धरायची हौस कशाला वाढवायची? दुसरे खेळ संपले का?

---

अबोली_माहीम

निवांत, तुमचा आक्षेप मला मुळीच चुकीचा वाटत नाही. आमच्या मंडळातही एका कुटुंबाने याच कारणासाठी यायचं नाकारलं आणि आम्ही त्यांना आग्रह केला नाही.

मी फक्त तिथे काय बघितलं ते सांगू शकते. मोबाइलवरच्या खेळात थांबलं की हरतो. इथे थांबता येत नाही तो हरतो. तिथे समोर माणूस असतो, इथे कागद असतो, आणि नळी कागदाशिवाय कशाकडेही वळली तर तुम्हाला लेनवरून उठवतात. आमच्या एका आठवीतल्या मुलाने "स्टॉप" ऐकल्यावर बोलायच्या नादात रायफल थोडी बाजूला वळवली. ताईंनी ती काढून घेतली, त्याला मागच्या बाकावर बसवलं आणि सगळे नियम पुन्हा म्हणून दाखवल्यावरच परत लेनवर येऊ दिलं. त्यानंतर तो मुलगा जितका सावध होता तितकं आमच्यातलं मोठं माणूसही नव्हतं. माझ्या दृष्टीने त्या सकाळी त्याला मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

तुमचं मत बदलावं असा आग्रह नाही. पण मजा म्हणून चालवली हे मात्र आमच्या बाबतीत खरं नाही. लक्ष देऊन शिकलो.

---

जुना_कॅडेट

मी एनसीसीत असताना .२२ रायफलने झोपून फायरिंग केलेलं आहे. शिस्तीबद्दल अबोलीताई म्हणतात ते तंतोतंत. आम्हाला आधी कित्येक आठवडे रिकाम्या रायफलवर पोझिशन, नेम, ट्रिगर एवढंच. गोळ्या मिळायच्या मोजून. त्यामुळे एकेक गोळीची किंमत कळायची, पण ग्रुप सुधारायला वावच नसायचा. बोर्डाजवळ जाऊन आपली भोकं शोधायची आणि संपलं. तिथे मनात राहून गेलेली हौस पुढे एअर रायफलवर भागवता आली. छर्रे स्वस्त, आवाज कमी, जागा कमी. गावात एखादा हॉल असला तरी दहा मीटरची रेंज उभी राहते.

मुंबईकरांनी एक गोष्ट विसरू नये. अंजली भागवत यांची सुरुवातही एनसीसीतूनच झाली, आपल्या दादरच्या कीर्ती कॉलेजात असताना. पुढे २००० साली सिडनी ऑलिम्पिकमध्ये १० मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत त्या पोहोचल्या, तेव्हा आमच्या बॅचच्या लोकांना आपल्याच घरातलं कोणी पोहोचल्याचा आनंद झाला होता. संजय चक्रवर्ती सरांच्या हाताखाली मुंबईत अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे ही सगळी पिढी तयार झाली. आणि दीपालीताई पुढे स्वप्नील कुसाळेच्या प्रशिक्षक झाल्या. कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीचा मुलगा, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस, त्याच्या पदकामागे मुंबईच्या रेंजवर घडलेली ही परंपरा उभी आहे. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत पदक आणलं, त्यानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक यायला ७२ वर्षं लागली. आणि ते रायफलने आणलं. मला हे लिहितानाही भरून येतं.

---

शीळ_फाटा

+१ जुना_कॅडेट. कोल्हापूरचं नाव निघालं तर तेजस्विनी सावंत यांना विसरू नका. २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनमध्ये (झोपून) विश्वविजेत्या. आणि आमच्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील, २०२२ ला कैरोमध्ये १० मीटर एअर रायफलचा विश्वविजेता.

---

वसईची_वाट

आमच्या ऑफिसच्या ग्रुपचा अनुभव लिहिते, नाव घेत नाही. आम्ही चाळीसच्या आसपास माणसं, लेन चार, त्यातल्या दोनच चालू. बाकी रांगेत. प्रत्येकाला दहाच छर्रे. साइट कोणाच्याच डोळ्याला लावून दिल्या नाहीत, त्यामुळे ज्याचे छर्रे वर गेले त्याचे वरच गेले. शिकवणारा एकच होता आणि तोही बिचारा छर्रे वाटण्यात गुंतला होता. परत येताना बसमध्ये सगळ्यांचं एकच म्हणणं, "ठीक होतं." आज हा धागा वाचून कळलं की आम्ही नेमबाजी बघितलीच नाही.

अबोलीताई, तुम्ही इतके कमी लोक कसे बसवले? आमच्याकडे कोणाला वगळलं तर रुसवे सुरू होतात.

---

अबोली_माहीम

वसईची_वाट, रुसवे आमच्याकडेही होते. उपाय एवढाच की कोणाला वगळलं नाही, वेळ वाटून दिली. पहिली तुकडी सकाळी लवकर, दुसरी अकरानंतर. दोन्हींच्या मध्ये सगळे एकत्र नाश्त्याला भेटलो (हात धुऊन!). पहिल्या तुकडीतल्यांनी आपली कार्डं आणली होती, ती बघून दुसरी तुकडी आणखीनच उत्सुक झाली. शिवाय रेंजवाल्यांशी बोलताना मी आधीच विचारलं होतं: लेन किती चालू आहेत, रायफली किती, त्यातल्या डावखुऱ्यांसाठी किती, प्रशिक्षक किती, आणि माणशी किती छर्रे. या प्रश्नांना जिथे नीट उत्तर मिळालं नाही तिथे आम्ही गेलो नाही. "किती पण माणसं आणा, होऊन जाईल" असं कोणी म्हणालं तर तिथूनच मागे फिरा.

रविवारचा मेगाब्लॉक बघूनच वेळ ठरवा. पहिल्या तुकडीतले दोघं उशिरा आले की सुरक्षेचे नियम पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागतात, आणि ते वगळून चालत नाही.

---

दोन_ओळी

मुंबईत कुठे कुठे आहे अशी सोय?

---

नेमबाजाची_आई

शिवाजी पार्कच्या सावरकर स्मारकात रायफल शूटिंगचं प्रशिक्षण बऱ्याच वर्षांपासून चालतं. दादर-माहीमच्या लोकांना ते सगळ्यात जवळचं. वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशन ही जुनी संस्था. पनवेलला सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब. पुण्यापर्यंत जायची तयारी असेल तर बालेवाडीची रेंज बघाच, २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धा तिथे झाल्या. ५० मीटरच्या लेनवर उभं राहून पलीकडे बघितलं की अंतर म्हणजे काय ते कळतं. यातल्या प्रत्येक ठिकाणी बाहेरच्या ग्रुपला एका दिवसासाठी घेतात असं नाही, आधी फोन करून विचारायचं. मुलं नेणार असाल तर वयाची अटही तेव्हाच विचारून घ्या.

---

रोखठोक_गिरगाव

एक विचारतो. असली एअर रायफल घरी घेऊन ठेवता येते का? परवाना लागतो? माझा मुलगा हट्ट धरून बसलाय.

---

कलमबहाद्दर

वकिली करतो म्हणून थोडक्यात सांगतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार .१७७ इंचापेक्षा (साडेचार मिलिमीटर) मोठं बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, किंवा २० जूलपेक्षा जास्त ऊर्जा असलेल्या एअर गनला परवाना लागतो. स्पर्धेची १० मीटर एअर रायफल .१७७ चीच असते आणि तिची ऊर्जा साडेसात जूलच्या आसपास, त्यामुळे ती परवान्याच्या कक्षेबाहेर राहते. जुना_कॅडेट म्हणतात त्या .२२ रायफलची गोष्ट वेगळी. ते अग्निशस्त्र आहे, त्याला परवाना लागतोच.

पण परवाना लागत नाही म्हणजे ती खेळणं आहे असा अर्थ कृपया काढू नका. साडेसात जूलचा छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो. चाळीच्या गॅलरीत, गच्चीवर, सोसायटीच्या आवारात चालवायची नाही. कबुतरं, कावळे यांच्यावर झाडणं हा तर सरळ गुन्हा आहे. मुलाला आवड असेल तर आधी क्लबात घाला. सहा-आठ महिने क्लबच्याच रायफलवर शिकू दे.

---

नेमबाजाची_आई

कलमबहाद्दर यांना अनुमोदन. खर्चाचंही सांगते, म्हणजे नंतर धक्का बसत नाही. परदेशी बनावटीची स्पर्धेची रायफल, वॉल्थर किंवा फाइनवेर्कबाऊ, दोन लाखांच्या वर जाते. त्यावर जॅकेट, पँट, बूट, हातमोजा. जॅकेट जाड कॅनव्हासचं, त्याची जाडीसुद्धा नियमात बांधलेली आहे, अडीच मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. वाढत्या वयाच्या मुलांना ते दर थोड्या वर्षांनी लहान होतं. छर्र्यांची डबी पाचशेची असते आणि जोरात सराव चालू असला की ती बघता बघता संपते. आम्ही सुरुवातीची दोन वर्षं सगळं क्लबचं वापरलं, जॅकेटही दुसऱ्या एका मुलीचं जुनं घेतलं. मुलीचं मन खरंच लागलंय याची खात्री पटल्यावरच रायफल घेतली. सहलीला जाताना मात्र यातलं काहीही लागत नाही.

---

चाकांवरची_मी

मी व्हीलचेअर वापरते. अशा सहलींच्या धाग्यांवर मी सहसा फक्त वाचते, कारण गड, धबधबे, बोटी यात माझ्यासाठी काही नसतं. हा धागा वाचून पहिल्यांदा विचारावंसं वाटलं. मला जमेल?

---

अबोली_माहीम

जमेल, आणि अगदी बरोबरीने जमेल. अवनी लेखरा यांचं नाव तुम्हाला माहीत असेलच. व्हीलचेअरवरून १० मीटर एअर रायफल, टोकियो आणि पॅरिस दोन्ही पॅरालिम्पिकमध्ये सुवर्ण. पॅरालिम्पिकच्या नेमबाजीत दोन गट असतात: ज्यांना रायफलचं वजन हातांनी पेलता येतं ते एका गटात, ज्यांना नाही त्यांना स्प्रिंगचा स्टँड मिळतो. आमच्या सहलीत तर सगळ्यांनीच बसून, टेबलावर टेकवून सुरुवात केली होती. तिथे व्हीलचेअर आणि खुर्ची यात फरकच उरत नाही.

बघायचं ते रेंजपर्यंत पोहोचायचं. बऱ्याच रेंज पहिल्या मजल्यावर किंवा तळघरात असतात आणि लिफ्ट नसते. टेबलाखाली चाकं जातील एवढी उंची हवी. स्वच्छतागृहाचं आधी विचारा. आमच्या पुढच्या वेळी तुम्ही आमच्याबरोबर या. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी स्वतः रेंजवर जाऊन पायऱ्या, दार, टेबल बघून तुम्हाला कळवते.

---

चाकांवरची_मी

व्यनि केलाय. मनापासून आभार.

---

निवांत_संध्याकाळ

वरचं सगळं वाचलं. मुलांच्या बाबतीत माझं मत तेच आहे, पण त्या आठवीतल्या मुलाला बाकावर बसवलं हे आवडलं. आणि अबोलीताई, चाकांवरची_मी यांना तुम्ही जे उत्तर दिलंत त्याबद्दल तुमचे आभार.

---

कॅरमवेडा

आमच्या मंडळाने होकार दिला! पंधरा जण, दोन तुकड्या, माणशी चाळीस छर्रे असं बोलून ठेवलंय. प्रशिक्षकही दोन मिळतायत. आता शेवटचा प्रश्न: कपडे, बूट काय घालायचे? आणि आदल्या दिवशी काही तयारी?

---

अबोली_माहीम

वा, फारच छान!

बूट सपाट तळाचे. धावायचे गुबगुबीत तळवा असलेले बूट नको, उभं राहून मारायची वेळ आली तर त्यात तोल डुलतो. कपडे सुती आणि अंगाला आरामशीर. कोपर टेबलावर टेकतं, त्यामुळे पूर्ण बाह्यांचा सदरा बरा, नाहीतर दुसऱ्या दिवशी कोपराची साल निघालेली दिसते. लांब केस असतील तर बांधून या. गालाखाली केस आले की दर वेळी डोकं थोडं वेगळ्या जागी टेकतं आणि ग्रुप पसरतो. गळ्यातली मोठी माळ, कानातली लोंबती डुलं घरी.

चहा-कॉफीची सवय असेल तर नेहमीएवढीच घ्या, जास्त नको, हाताला कंप येतो. उपाशीही येऊ नका. आदल्या रात्री नीट झोप.

तयारीचं विचाराल तर एकच. भिंतीवर पेन्सिलीने एक खूण करा, तिच्यासमोर बसा, श्वास अर्धा सोडून थांबवा आणि सहा सेकंद नजर तिथून हलू देऊ नका. मग सोडा, दोन श्वास घ्या, परत. सगळ्या पंधरा जणांना आठवडाभर रोज पाच मिनिटं हे करायला सांगा. तेवढं केलं की पहिले वीस छर्रे वाया जाणार नाहीत, दहाच जातील.

कार्डांवर नाव आणि क्रमांक घालून ती जपून ठेवा, पहिलं आणि शेवटचं शेजारी शेजारी लावून बघायला. आणि जाऊन आलात की इथेच कळवा, कोणाचा ग्रुप सगळ्यात लहान आला ते.